नांगे भरायची रोपं

चार दिवस मी एका माणसाचं बोलणं मराठीत करून लोकांना सांगितलं. त्या चार दिवसांची मला आजही शिसारी येते, आणि त्यातली निम्मी माझी मलाच येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला नुसता साक्षीदार समजू नये.

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की एका मोठ्या शहरातल्या व्यवस्थापन संस्थेतले तज्ज्ञ येताहेत. गावाकडच्या उद्योजकांसाठी चार दिवसांचं शिबिर. ते इंग्रजीत बोलतील, भाषांतर मी करायचं. मला फार आनंद झाला. अशा संस्थेत शिकायचं म्हणून मी तरुणपणी दोनदा प्रवेश परीक्षा दिली होती आणि दोनदा राहिलो होतो. आता तिथलाच प्राध्यापक येणार आणि मी त्याच्या शेजारी माइक घेऊन उभा राहणार. त्या आठवड्यात मी नवीन बूट घेतले.

शिबिराला माणसं जमवायचं कामही माझ्याकडेच होतं. पापड करणाऱ्या बाया आल्या, डाळमिल चालवणारे दोघे भाऊ आले, दूध गोळा करणारा एक जण आला. धामणगाव बढ्याहून मी वहिनीला आणलं. ते माझं गाव. तिचा नवरा शाळेत माझ्या बाकावर बसायचा, म्हणून ती मला भाऊजी म्हणायची. तिची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी होती. शेडनेटखाली मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये तयार करून ती शेतकऱ्यांना विकायची. मोताळा तालुक्यातूनच नाही, बाहेरूनही लोक तिच्याकडे यायचे. ती म्हणाली होती, "भाऊजी, चार दिवस पानी कोन मारीन ट्रेइले? मले नाई जमत." मी आग्रह केला. मी म्हणालो, "वहिनी, असा माणूस पुन्हा आपल्याकडे येणार नाही."

पहिल्या दिवशी तो माणूस मला खरोखर आवडला. पन्नाशीचा, शांत आवाजाचा. काम बंद असलं तरी चालू राहणारे खर्च आणि कामाबरोबर वाढणारे खर्च यातला फरक त्यानं पिठाच्या गिरणीचं उदाहरण घेऊन असा समजावला, की मी वीस वर्षं तोच धडा शिकवतो आणि मला तसा कधी जमला नव्हता. दूधवाला मान हलवत होता. मी मनातल्या मनात त्याचा शिष्य झालो होतो. सोबत त्याची एक तरुण सहकारी होती. ती सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही वहिनीची नर्सरी पाहायला गेलो. वहिनी कामात होती. नऊवारी नाही, साधी साडी, वरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. आमच्याकडे शेतात काम करणारी प्रत्येक बाई असाच शर्ट घालते, ऊन आणि खाज लागू नये म्हणून. प्राध्यापकांनी फोटोसाठी तिला उभं केलं आणि मला म्हणाले, "शर्ट काढायला सांगा. अस्सल वाटलं पाहिजे." मी सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून शर्ट काढला आणि घडी करून खांबाला अडकवला. मग ते म्हणाले, डोक्यावरून पदर घ्या, खाली बसा, ट्रे मांडीवर धरा. मी तेही सांगितलं. ती काम करताना कधीच खाली बसत नाही. तिनं मुद्दाम कमरेएवढ्या उंचीचे बाक करून घेतले होते, आणि ते बाक फोटोत आले नाहीत.

मग धंद्याचं बोलणं निघालं. शेतात रोपं लावली की काही मरतात. ओळीत मोकळ्या जागा राहतात, त्यांना नांगे म्हणतात. वहिनी नांगे भरायला रोपं फुकट द्यायची. प्राध्यापकांनी ते ऐकलं आणि हसले. म्हणाले, हे भोक आहे, इथून तुमचा नफा गळतोय. रोप विकलं की तुमची जबाबदारी संपली. तिला सांगा, हे अन्नछत्र नाही.

मी म्हणालो, "वहिनी, सर म्हणतात, फुकट देण्याचा जरा फेरविचार करा."

वहिनी म्हणाली, "फुकट कुठी देते मी? मेलेलं रोप आनून दाखवा म्हन्ते, मंगच नवं देते. मेलेल्या रोपाचं मूळ पाह्यते मी. मूळ काळं पडलं असन तं पानी जास्त झालं, त्याची चूक. मूळ ट्रेमधी गुंडाळून बसलं असन तं मी उशिरा देल्लं, माही चूक. दहा जनाईनं एकाच लॉटातलं मेलेलं आनलं तं बियान्यातच खोट हाय, मी कंपनीले परत पाठवते. मेलेलं रोप नाई आलं तं मले काय समजनार, माह्या मालात काय बिघडून राह्यलं ते?"

ती बोलत होती आणि प्राध्यापक घड्याळ पाहत होते. जेवायची वेळ झाली होती, गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. मला वाटलं, इतकं सगळं कशाला. कुठंतरी असंही वाटलं, की या माणसापुढे आपल्या गावची बाई लांबण लावतेय. मी इंग्रजीत एवढंच म्हणालो, "ती म्हणते, यानं गिऱ्हाइकाशी संबंध चांगले राहतात."

"म्हणजे भावना," प्राध्यापक म्हणाले, आणि गाडीकडे निघाले.

चौथ्या दिवशी समारोप होता. त्यांनी पडद्यावर वहिनीचा फोटो लावला. धंदा कसा करू नये, याचं उदाहरण म्हणून. मी माइकवर सांगितलं, "भावनेच्या भरात केलेला व्यवहार म्हणजे धंदा नव्हे." लोक हसले. डाळमिलवाला मोठा भाऊ मागे वळून वहिनीकडे बघून हसला. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. ती प्राध्यापकांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. नंतर तिला त्यांच्याच हातून प्रमाणपत्र मिळालं आणि टाळ्या वाजल्या.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "भाऊजी, मी काल मुळाचं सांगितलं, ते तुमी त्याइले पुरं सांगितलं का?"

मी म्हणालो, "हो, सांगितलं ना."

"मंग त्याइले समजलं नसन," ती म्हणाली, आणि बसस्टँडकडे गेली.

आठवडाभरानं त्या तरुण सहकारीचा निरोप आला. अहवालासाठी नर्सरीतल्या रेकॉर्डिंगचा मजकूर इंग्रजीत हवा होता. यावेळी मी घरी निवांत बसलो आणि वहिनीचं सगळं बोलणं शब्द न् शब्द उतरवलं. मूळ काळं पडणं, मूळ गुंडाळणं, लॉट, बियाणं, सगळं. लिहिताना मला कळलं की ही बाई काय बोलत होती. माल तपासायची अशी बिनखर्चाची, नेमकी रीत मी पुस्तकात वाचली नव्हती. मला शरम वाटली. मग मी मजकूर पाठवून दिला आणि सोबत लिहिलं, की आपल्यासोबत काम करणं हा माझा बहुमान होता.

पुढच्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीनं वर्गानंतर मला थांबवलं. "सर, ही आपल्याकडची नर्सरी आहे ना?" तिच्या फोनवर त्या संस्थेच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा एक धडा होता. धडा होता ग्राहकाच्या विश्वासावर. पडद्यावर प्राध्यापक उभे होते, मागे वहिनीचा तोच फोटो, पदर घेतलेली, मांडीवर ट्रे. ते सांगत होते, की एका मागास जिल्ह्यातली ही निरक्षर बाई अंदाजानं रोपं विकत होती. आम्ही तिच्यासोबत बसलो. आम्ही तिच्यासाठी एक पद्धत तयार केली: मेलेलं आणा, जिवंत न्या. मेलेलं प्रत्येक रोप म्हणजे फुकट मिळणारी माहिती. मुळं वाचायला आम्ही तिला शिकवलं. आज तिचा धंदा उभा आहे.

शेवटी आभाराच्या यादीत स्थानिक सहायक म्हणून माझं नाव होतं.

माझ्या तोंडात कडू पाणी आलं. मी विद्यार्थिनीचा फोन तिला परत दिला, स्टाफरूमच्या बेसिनवर जाऊन चूळ भरली, तरी ते गेलं नाही. तो माणूस किती शांतपणे बोलत होता, तेच मला राहून राहून आठवत होतं. खोटं बोलताना माणसाचा आवाज जरा तरी बदलतो, असं मला तोवर वाटायचं.

मी त्यांना फोन केला. त्यांनी लगेच ओळखलं, चौकशी केली. मी म्हणालो, "सर, ही पद्धत तिचीच होती. तुम्ही तर तिला ती बंद करायला सांगितली होती."

"तुम्ही शिक्षक आहात," ते म्हणाले. "शिकवायला गोष्ट लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती गोष्ट आता हजारो मुलं ऐकतात. यात तिचं नुकसान काय झालं, मला एवढं सांगा."

मग ते म्हणाले, पुढचं शिबिर ठरतंय, तुम्हीच असायला हवे. मी फोन ठेवला.

रविवारी मी गावी गेलो. वहिनी बाकापाशी उभी राहून रोपं विरळ करत होती, नवरा पाइप सरळ करत होता. मी दोघांना तो धडा दाखवला आणि अर्थ सांगत गेलो. यावेळी काही गाळलं नाही. वहिनीनं तो पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, "निरक्षर म्हन्लं त्यानं मले? बारावी सायन्स हाय मी. नाव नोंदवताना तुमीच तं लिहिलं होतं कागदावर."

"हो," मी म्हणालो.

"आनि मुळाचं त्याले कसं समजलं? तवा तं समजलं नव्हतं."

मी खरं सांगितलं. त्या दिवशी मी ते भाषांतर केलंच नव्हतं, नंतर घरी बसून लिहून पाठवलं. तिच्या नवऱ्यानं पाइप खाली टाकला. तो म्हणाला, "काऊन बे? असं काऊन केलं तू?"

मी म्हणालो, "जेवायची घाई होती."

हे ऐकून वहिनीचं तोंड असं झालं, जसं ट्रेमध्ये हात घातल्यावर बोटाला कुजलेलं काही लागावं. ती म्हणाली, "लोक हासले माह्यावर, तवा तुमाले माहीत होतं मी काय बोलली होती ते. त्याले माहीत नव्हतं. तुमाले होतं."

मला बसायला कुणी सांगितलं नाही. वहिनीनं हात पुसले आणि म्हणाली, "मी सांगते, तुमी लिहा. एकबी शब्द गाळू नका." तिथंच उभ्या उभ्या मी लिहून घेतलं. पत्र लहान होतं. मी बारावी शिकलेली आहे. ही रीत मी सहा वर्षं करतेय. तुम्ही मला ती बंद करायला सांगितली होती. माझा शर्ट तुम्ही काढायला लावला, तो फोटो काढून टाका. खाली तिनं सही केली. मी त्याचं इंग्रजी केलं, दोन्ही कागद संस्थेला पाठवले, आणि आभाराच्या यादीतून माझं नाव वगळा असंही लिहिलं.

महिन्याभरानं संस्थेचं उत्तर आलं. भावना दुखावल्याबद्दल खेद होता, आणि धडा दुरुस्त केल्याचं कळवलं होतं. मी उघडून पाहिला. निरक्षर हा शब्द गेला होता. माझं नाव गेलं होतं. वहिनीचा फोटोही गेला होता आणि त्याजागी कुणातरी दुसऱ्याच बाईचा हसरा फोटो होता, कुठलीतरी, पाठीमागे भाताचं शेत असलेली. गोष्ट तशीच होती. आम्ही तिच्यासोबत बसलो. आम्ही तिला शिकवलं.

वहिनीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आता मी त्याच्यात नाईच." त्यात समाधान होतं की आणखी काही, मला कळलं नाही. "बरं सर, ठेवते," एवढंच पुढं म्हणाली. सर हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या शिबिराला मी नकार दिला. प्राचार्य नाराज झाले आणि त्यांनी अर्थशास्त्राच्या आमच्या तरुण सहकाऱ्याला पाठवलं. तो परत आला तो भारावूनच. संग्रामपूरकडच्या एका बाईकडे गेले होते म्हणाला, संत्र्याच्या सालीची पावडर करते. ती नेमकं काय करते, असं मी विचारलं. म्हणाला, "बरंच काही सांगत होती, पण वेळ कमी होता. रेकॉर्डिंग आहे, त्याचंच इंग्रजी करतोय."

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. नर्सरी, फोटो, पत्र, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, वाईट झालं म्हणाला, आणि पुन्हा कानात इअरफोन घातले. दोन मिनिटांनी एक काढून म्हणाला, "सर, सावलीत वाळवणं, याला इंग्रजीत नेमका शब्द काय?"

मला तो शब्द येत होता. मी सांगितला.