राक्षसांची नाटक मंडळी

गेल्या रविवारी मी मुलुंडला पत्ते खेळायला गेले होते. हे वाचून ओळखीतले अर्धे लोक हसतील, कारण मला रमीसुद्धा धड येत नाही...

हे पत्ते वेगळे. राक्षसांची चित्रं असलेली कार्डं. प्रत्येकाने आपला गठ्ठा जमवून आणायचा, त्याला डेक म्हणतात. समोरासमोर बसून आपापले राक्षस मांडायचे आणि दुसऱ्याचे पॉइंट शून्यावर आणायचे.

माझा नवरा सुनील दर रविवारी हे खेळायला मुलुंडच्या एका दुकानात जायचा. तो पन्नाशीचा, बाकी सगळे पंचविशीतले. मी कधी फार विचारलं नाही, त्यानेही कधी चल म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधी सुनील गेला. मध्यंतरी त्या ग्रुपमधल्या तेजसचा फोन आला. "काकू, काकांचा डेक तुमच्याकडे आहे ना?" बिचारा फारच अवघडला होता.

त्यांच्यात एक पद्धत आहे. कोणी कॅनडाला गेला, कोणाचं लग्न झालं, खेळ सुटला... की त्याचा डेक टेबलावर उघडतात आणि ज्याला जे हवं ते कार्ड तो घेतो. "पण घरातलं कोणी खेळणार असेल तर नाही फोडत आम्ही," तेजस म्हणाला.

मी म्हटलं, मी खेळेन. का म्हटलं, माहीत नाही. तेजसने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ग्रुपमधल्या हर्षलला हे पटलं नाही. काकू खेळणार म्हणजे डेक कपाटात पडणार, असं त्याचं म्हणणं. त्याला त्यातलं एक कार्ड कधीपासून हवं होतं. शेवटी ठरलं, रविवारी मी एक तरी मॅच जिंकले तर डेक अख्खा माझ्याकडे. नाहीतर तिथेच उघडायचा.

तेजस घाटकोपरला घरी येऊन मला शिकवून गेला. या डेकमधले सगळे राक्षस नट आहेत. नायक, खलनायक, एक नटी, शिंगं असलेला विदूषक... आणि काही कार्डं म्हणजे त्यांची स्क्रिप्ट.

खरी गंमत स्क्रिप्टची. ते कार्ड पालथं ठेवायचं, म्हणजे कुठलं आहे ते समोरच्याला कळत नाही. आपण स्वतः वापरलं तर थोडाच फायदा. पण मंडळी मांडलेली असताना समोरच्याने ते सापळा समजून फोडलं, म्हणजे बाद केलं, तर राहिलेले सगळे नट एकदम स्टेजवर येतात आणि त्याचा निकाल लागतो. म्हणजे त्याने ते फोडावं म्हणून गप्प बसून राहायचं. एवढीच स्ट्रॅटेजी.

"मग काका खूप जिंकायचे?" मी विचारलं.

"खरं सांगू काकू? जवळजवळ कधीच नाही. स्क्रिप्ट ठेवलं की काका गालातल्या गालात हसायला लागायचे. मग कोण हात लावणार त्याला!"

मला लगेच पटलं. कंपनीच्या नाटकात एकदा सुनीलला प्रेताचं काम दिलं होतं... प्रेत हसलं होतं. पुढच्या वर्षीपासून त्याला पडदा ओढायला ठेवला.

माझं उलटं आहे. माझ्या चेहऱ्यावर काही दिसतच नाही. सुनील गेला तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी एक मामी स्वयंपाकघराच्या दारात म्हणाल्या होत्या, "हिला काही वाटतंय की नाही गं?" मी आत चहा गाळत होते. वाटत होतं हो... ते चेहऱ्यापर्यंत येत नाही, त्याला मी काय करू.

रविवारी पहिली मॅच हरले. दुसरीत तर माझे नट मांडून व्हायच्या आधीच संपले. तिसरीला समोर हर्षल.

मी मंडळी मांडली, स्क्रिप्ट पालथं ठेवलं आणि त्याच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसले. तो माझ्या चेहऱ्याकडे बघतोय... मी बाटलीकडे. "काकू, स्क्रिप्ट आहे ना हे?"

"फोडून बघ."

"नसणार यार. असतं तर काकू टेन्शनमध्ये दिसल्या असत्या," असं शेजारच्याला सांगून त्याने फोडलं.

नटी आली, खलनायक आला, विदूषक आला. हर्षलने कपाळावर हात मारला. "वाट लागली! काकू, तुम्ही काकांपेक्षा डेंजर आहात!" अख्खं दुकान ओरडत होतं. तेजस तर खुर्चीवर उभा राहिला, त्याला दुकानदाराने खाली उतरवलं.

डेक वाचला.

चौथ्या मॅचला पुन्हा स्क्रिप्ट ठेवलं. आणि अचानक डोळ्यांसमोर आलं... ही सगळी शिंगंवाली मंडळी विंगेत रंग लावून, कपडे सावरत, एकमेकांना ढकलत उभी आहेत आणि हे फक्त मलाच माहीत आहे. मला हसू फुटलं. थांबेचना. समोरच्या मुलीने कार्डाला हातही लावला नाही आणि मी साफ हरले.

सुनीलला हे पोटात ठेवणं किती जड जात असेल, ते तेव्हा कळलं.

तो गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. भाजीवालासुद्धा. त्यांची माया कळते, पण दमायला होतं. त्या दुपारी मात्र मला कोणी जपलं नाही. माझी चूक झाली की तोंडावर सांगितली, हरवलं तेव्हा मनापासून हरवलं आणि वर टाळ्याही दिल्या. मुलांनो, त्याबद्दल थँक्यू... समोर बोलायला मला जमलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.