करडाचं वजन

काल लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, "आई, इंग्रजीत खोल विचार करण्याला पॉन्डर म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वजन करणं."

मला एकदम नेकनूरच्या बाजारातल्या शेळ्यांचा उग्र वास आला. तिथं करडू विकत घेताना काटा नसायचा, हातात उचलूनच अंदाज घ्यायचा. आप्पा ते काम माझ्या थोरल्या बहिणीला द्यायचे. ताई करडू छातीशी धरून डोळे मिटायची. विकणारा घाई करू लागला, की आप्पा म्हणायचे, "दम धर बे, पोरगी इचार करायली."

एकदा तिच्याआधी मीच करडू उचललं आणि लगेच म्हणाले, "आप्पा, हलकं हाय." त्यांनी ते माझ्या हातातून काढलं आणि ताईकडे दिलं. करडाची ऊब माझ्या हातांना तशीच राहिली.

आज ताईला फोन करून हे सांगितलं. ती हसली. "मला कुठं काय कळत व्हतं गं? आप्पा माझ्यासाठी गप उभे राहायचे, ते लई गोड वाटायचं. म्हनून डोळेच उघडत नव्हते."

फोन ठेवला, तर आता मी तिच्यावर जास्तच जळते आहे. तिला काही कळत नव्हतं, तरी आप्पा थांबायचे.

आणि ते करडू खरंच हलकं होतं.