रविवारचं कुलूप

लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा बुवापाड्याच्या चाळीत आमची एकच खोली होती. आमचे हे कारखान्यात फिटर होते. दारूला शिवत नसत, पण तीनपत्ती दिसली की पाय वळायचेच. दर रविवारी दुपारी स्टेशनपलीकडे डाव बसायचा. देवापुढे शपथ घेऊन झाली, पगार माझ्या हातात देऊन झाला. एका रविवारी मनगटावरचं घड्याळही डावात घालवून आले.

त्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं, "रविवारी माझं जेवण झालं की बाहेरून कुलूप लाव. दिवेलागणीपर्यंत काढू नकोस. मी काय वाट्टेल ते सांगेन, ऐकू नकोस."

पहिल्या रविवारी आतून हसतखेळत बोलत होते. दुसऱ्या रविवारी शिव्या दिल्या. तिसऱ्या रविवारी गावाहून आई आजारी असल्याचा निरोप आलाय, असं खोटंच सांगून पाहिलं. मी दाराबाहेर तांदूळ निवडत बसायची, किल्ली कमरेला.

चौथ्या रविवारी पोटात कळ येते म्हणून कण्हायला लागले. मी उठले नाही. पण खडा कुठला नि तांदूळ कुठला कळेना. तेवढ्यात उल्हासनगरच्या कॅम्पातून कापडाचं गाठोडं घेऊन येणारी सिंधी बाई आली. तिला मी सगळं सांगितलं. तिने गाठोडं खाली ठेवलं, दाराला कान लावला.

"बहन, ये झूठ का रोना नहीं है," ती म्हणाली. "खोल."

मला किल्ली लावता येईना. शेवटी तिनेच कुलूप काढलं. हे गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडले होते, ओठ पांढरेफटक. शेजाऱ्यांनी उचलून टांग्यात घातलं. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे. ऑपरेशन होईपर्यंत बाकावर बसून मी एकच विचार करत होते, ती बाई आली नसती तर?

ते शुद्धीवर आल्यावर मी त्यांची माफी मागितली.

"मी सांगितलं तसंच तू केलंस," ते म्हणाले. "माझा पहारा तुझ्यावर टाकला, चूक तिथे झाली."

घरी आल्यावर त्यांनी साहेबांना विनवून रविवारची पाळी मागून घेतली. सुट्टी सोमवारी, तेव्हा खेळायला कुणी नसे. तरी एका दिवाळीत खेळलेच. मी विचारायच्या आधी स्वतःहून सांगितलं, आणि मान खाली घालून पाटावर बसले. मी रोजच्यासारखं ताट वाढलं.