अठरा लिटरची टाकी

शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता ट्रेलरच्या संडासातला लाल दिवा लागला. शर्यतीच्या मुक्कामाचा तो दुसरा दिवस होता. माहितीपत्रकानुसार अठरा लिटरची ती टाकी दोन माणसांना चार दिवस पुरायला हवी होती. ती वीस तासांत भरली.

दिवा लागल्यावर माझ्या बायकोने हातातल्या पाण्याच्या बाटलीला झाकण लावले. दिवसभरात तिने त्यातले चार-पाच घोट घेतले. हे तिने मला फोनवर सांगितले. ट्रेलरच्या ड्रायव्हरनेही नंतर दुजोरा दिला.

ती पशुवैद्य आहे. जेद्दाहून थुवालकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत एक खाजगी तबेला आहे, तिथे नोकरी करते. तिथले घोडे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावतात. शर्यत एका दिवसाची, पण आधीची तपासणी आणि नंतरची देखरेख धरून तीन दिवस मुक्काम पडतो. मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह असते ते पाहुण्यांच्या तंबूमागे. घोडे बांधतात तिथून ते चालत वीस मिनिटांवर. घोडा सोडून चाळीस मिनिटे जाता येत नाही, म्हणून गेल्या हंगामात ती मुक्कामाला पाणीच पीत नसे. हंगाम संपल्यावर उजव्या मूत्रपिंडात खडा सापडला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी रोज तीन लिटर पाणी लिहून दिले, कागदावर, औषधासारखे.

तबेल्याच्या मॅनेजरने तो कागद वाचला. नवा ट्रेलर येतो आहे, त्यात संडास असेल, असे तो म्हणाला. संडास नसेल तर मुक्काम नाही आणि मुक्काम नसेल तर पुढचा करार नाही, हे कोणी बोलून दाखवले नाही. मी तिच्या इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, येथे राहतो.

मी सोळा वर्षे एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो. आता घरी बसून मजकूर तपासतो. कोणता संडास घ्यावा याची चौकशी माझ्याकडे आली.

"लोकांना फोन करून पिडायची तुला सवय आहे," ती म्हणाली. "मला घोडे बघू दे."

ट्रेलरमध्ये मागे पाच घोड्यांची जागा होती आणि पुढे एक खोली: पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, कपाटाएवढी मोरी. खोलीचे काम दक्षिण जेद्दात एका गॅरेजमध्ये चालले होते. गॅरेज रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांचे. एकतीस वर्षे ते येथे गाड्यांच्या बॉड्या बांधतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी तीन विक्रेत्यांशी बोललो, तीन माहितीपत्रके मागवली आणि तक्ता केला. एक, कॅसेटचा संडास: खाली सुटकेससारखी टाकी, भरली की ओढून काढायची आणि रिकामी करायची. दोन, कोरडा संडास: नारळाचा भुसा घालायचा, पाणी अजिबात नाही. तीन, कायमची मोठी टाकी, टँकर बोलावून उपसायची. माणसे किती, दिवस किती, वजन किती, वास किती, हे सगळे रकाने मी भरले. मॅनेजरने तक्ता वरून खाली एकदा पाहिला आणि कॅसेटवर बोट ठेवले. स्वस्त म्हणून नव्हे. ती तयार मिळत होती.

चाचांनी एकच प्रश्न विचारला. "नळी कुठं लावू?"

नळी म्हणजे धुण्याचा फवारा. येथे प्रत्येक संडासात असतो, आमच्या घरीही आहे. मी म्हटले, उजव्या भिंतीला. तो संवाद एवढ्यावर संपला. टाकीचा हिशेब कागद वापरणाऱ्या माणसांसाठी केलेला होता आणि आम्ही तिच्यावर पाण्याची नळी लावत होतो. हे चाचांच्या लक्षात आले नाही, मॅनेजरच्या नाही, माझ्याही नाही. दोन देशांतली तीन माणसे, तिघेही पाण्याने धुणारी. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

शुक्रवारी ड्रायव्हरने कॅसेट पिकअपमध्ये टाकून मैदानाच्या स्वच्छतागृहापाशी नेली. तिथल्या माणसाने आतले निळे रसायन पाहून नकार दिला. मग तो पेट्रोल पंपावर गेला, तिथेही नकार. दुपारी भरलेली कॅसेट परत आली. तोवर बेसिनच्या सांडपाण्याची दुसरी टाकीही भरली होती, साठ लिटरची. ट्रेलरचे दार उघडे असे. तबेल्यातली चार माणसे गुरुवारपासून नमाजाच्या आधी आतल्या बेसिनमध्ये वजू करत होती. हात, तोंड, पाय, दिवसातून पाच वेळा.

"त्यांना सांगायचं होतंस," मी फोनवर म्हटले.

"काय सांगू? नमाजाला पाय धुऊ नका?"

मी समोरचा तक्ता उघडला.

"आणि तू विचारलं होतंस का कोणाला, कोण काय काय धुणार?"

सोमवारी तिला रुग्णालयात सलाइन लावले. मंगळवारी मॅनेजरचा फोन आला. पुढची शर्यत पाच आठवड्यांनी आहे, तोवर ट्रेलर दुरुस्त झाला नाही तर मुक्कामासाठी त्याच्या ओळखीचा दुसरा पशुवैद्य आहे, असे त्याने सांगितले. तो चिडला नव्हता. हवामान सांगावे तसे सांगितले.

मी पुन्हा सुरुवातीपासून चौकशी केली. आधी घरच्या फवाऱ्याखाली मोजपात्र धरले. एका वेळेला सव्वादोन लिटर. ती दारात उभी होती.

"आता माझंही मोजणार?"

"सरासरी काढायची आहे."

"माझ्या नावासमोर आकडा लिहू नकोस. 'सूत्रांकडून' लिही."

सव्वादोन लिटर धुण्याचे, वर फ्लशचे पाणी वेगळे. अठरा लिटरची टाकी पाच-सहा वेळांत भरणार हे भागाकार शिकलेल्या मुलालाही कळले असते. कोरड्या संडासाच्या विक्रेत्याला विचारले, पाणी गेले तर काय होईल? तो म्हणाला, पाणी जाता कामा नये. मी म्हटले, जाणार. तो म्हणाला, मग चिखल होईल. तो पर्याय तिथे संपला. राहिली मोठी टाकी. ट्रेलरच्या पोटाखाली टांगली तर वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यावर दगड लागणार. खोगिरांच्या कपाटात बसत होती, पण ते कपाट तबेल्याच्या मालकांनी स्वतः सांगून शिसवी लाकडाचे करून घेतले होते. त्याला हात लावायचा नाही, असे मॅनेजरने बजावले. हे कळायला नऊ दिवस गेले. रोज 'बुकरा', म्हणजे उद्या सांगतो.

चाचांनी शेवटी पलंगाखालची जागा मापली.

"एकशेवीस लिटर बसंल. पलंग वीतभर वर येईल."

"म्हणजे तिने टाकीवर झोपायचं?"

"भाऊ, तुमी बिल्डिंगमध्ये ऱ्हाता ना? खाली काय हाय?"

बायकोला विचारले. ती म्हणाली, अख्खी कॉलनी सेप्टिक टँकवर झोपते, लाव.

चाचांनी नळी काढून टाकली आणि तिच्या जागी एक आकडा ठोकला. आकड्याला लिटरभराचे स्टीलचे टमरेल.

"नळीला अंदाज नसतो," ते म्हणाले. "टमरेलाला असतो. आमची आयशी एका टमरेलात भागवी, वर उरलेलं अळवाला घाली."

वजूसाठी त्यांनी ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला नळ काढला. ते पाणी वाळूत पडले तरी कोणाची हरकत नव्हती.

काम अठराव्या दिवशी संपायला हवे होते. टाकीचे तोंड तीन इंची बसवले होते आणि मैला उपसणाऱ्या टँकरचा पाइप चार इंची निघाला. टँकरला इकडे वायत म्हणतात. वायतवाला गॅरेजात आला, तोंड पाहिले, हात झटकले, आणि पाइप न उचलता निघून गेला. तीनचे चार करणारा जोड जेद्दात सहा दुकानांत मिळाला नाही. सातव्या दुकानदाराने तो रियाधहून मागवतो म्हणून सांगितले. तिथल्या बत्हा बाजारातून तो एका बसच्या ड्रायव्हरबरोबर आला, आला तेव्हा साडेतीनचा निघाला. मी चाचांपुढे ठेवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि टेबलावर ठेवला.

"तुमी पेपरात असताना छापायच्या आधी कोण बघायचं ओ?"

"मीच."

"हां."

त्यांनी पत्रा कापून जोड स्वतः वळवला. त्याला चार दिवस लागले. शर्यतीच्या दोन दिवस आधी पाणी भरून चाचणी घेतली. वायतने टाकी सहा मिनिटांत उपसली. गळती नव्हती.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असा मुक्काम झाला. या वेळी ट्रेलरचे दार तिने बंद ठेवले आणि किल्ली गळ्यात घातली. रोज संध्याकाळी मी फोनवर दोनच गोष्टी विचारत होतो.

"पाणी किती?"

"अडीच लिटर."

"काटा?"

"पाव टाकी. आणि प्रश्न विचारताना निदान आधी जेवलीस का म्हणावं."

शनिवारी दुपारी तिने शेवटचा घोडा तपासून सोडला तेव्हा ती तीन दिवसांत साडेसात लिटर पाणी प्यायली होती आणि काटा अर्ध्याच्या खाली होता. रोजचे तीन लिटर साध्य झाले नव्हते, अडीच झाले होते. पाठ दुखली नाही. त्याच दुपारी मालक दोन पाहुण्यांना ट्रेलर दाखवायला घेऊन आले. पाहुण्यांनी शेगडी पाहिली, पलंग पाहिला, मोरीचे दार उघडले. वास नाही, असे त्यांतला एक म्हणाला. मालकांनी मॅनेजरच्या पाठीवर थाप मारली.

मंगळवारी मॅनेजरचा संदेश आला. पुढच्या शर्यतीला ट्रेलरमध्ये मालकांचे पाहुणे राहतील. टमरेल काढून नळी पुन्हा बसवावी. डॉक्टरांसाठी स्वतंत्र तंबू असेल, चांगल्या प्रतीचा.

तिने त्याला फोन केला. मी समोर बसलो होतो. तंबूला संडास आहे का, असे तिने विचारले. पाहुण्यांच्या तंबूमागे आहे, असे उत्तर आले. तिने रुग्णालयाचा कागद पुन्हा पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, की ट्रेलर नसेल तर मुक्कामाला येता येणार नाही. पाठवण्याआधी तिने ती ओळ मला दाखवली. मी एक स्वल्पविराम काढला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी नळी बसवली. तुमी सांगा, मी करतो, एवढेच ते बोलले. त्यांनी टमरेल आमच्याकडे पाठवून दिले.

पुढच्या शर्यतीची यादी गुरुवारी दुपारी तबेल्याच्या ग्रुपवर आली. पशुवैद्याच्या रकान्यात दुसऱ्या डॉक्टरचे नाव होते. तिचे नाव खाली होते, मागे तबेल्यावर राहणाऱ्यांत. कराराबद्दल त्यात काही नव्हते.