भरदिवसा पाजळलेली अक्कल

वकिलाची परीक्षा घ्यायला गेलेला नाशकातला पहिला अशील बहुधा मीच असेन. खिशात प्रश्नांचा कागद होता, प्रत्येक प्रश्नापुढं गुण मांडायला जागा सोडलेली होती आणि डाव्या गालावर रुमाल होता. रुमालाचं पुढं सांगतो. आधी ही वेळ माझ्यावर का आली ते सांगायला हवं, कारण त्यात दोष सबंध माझा आहे आणि तो कुणाबरोबर वाटून घेण्याची सोय नाही.

सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. आठ वर्षं मी शाळेत मराठी व्याकरण शिकवलं आणि एक दिवस राजीनामा देऊन भांडीबाजारात पितळी भांड्यांचं दुकान काढलं. घासलेल्या पितळेकडं बघत बसायला मला आवडायचं, हे त्याचं खरं कारण. पण ते लोकांना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी स्वदेशी, उद्योग असले शब्द वापरत असे. बायकोनं मोडता घातला नाही. गिऱ्हाइकांवर वर्गातल्यासारखं ओरडून चालणार नाही, एवढंच ती म्हणाली. बाजारात मात्र माझं नाव मास्तरच राहिलं.

धंद्याचं माझं सारं ज्ञान एका मासिकातल्या जाहिरातकलेवरच्या लेखातून आलेलं होतं. माल नुसता मांडू नका, वापरात दाखवा, असं त्यात सांगितलं होतं. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती आणि दुकानात समया भरपूर होत्या. एका गुरुवारी सकाळी जेवताना मी बायकोला माझा बेत सांगितला. सर्वांत मोठी, कमरेएवढी समई दुकानाच्या तोंडाशी ठेवायची, पाचही वाती लावायच्या आणि दिवसभर तेवत ठेवायची.

तिचा वाढता हात थांबला. "दिवसाउजेडी दुकानात दिवा लावत नाहीत," ती म्हणाली. का, म्हणून विचारलं तर तिला कारण सांगता येईना. तिचे वडील तसं म्हणायचे, एवढंच तिला आठवत होतं. मी तिला खुळी समजूत आणि जाहिरात यांतला फरक उदाहरणं देऊन समजावला. तोवर भात निवला. ती पुढं काही बोलली नाही, त्यावरून तिला पटलं असं मी धरून चाललो. वर्ग गप्प बसला की त्याला समजलं, असं मी आठ वर्षं धरून चाललो होतोच.

दहाच्या सुमारास समई लावली. दुकान अंगानं अंधारंच, त्यामुळं आतलं सगळं पितळ झळाळून उठलं. माणसं थांबू लागली. विकत कुणी काही घेत नव्हतं, पण समईकडं बघत आणि मग माझ्याकडं बघत. एका वृद्ध व्यापाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "होतं असं" म्हणून तो निघून गेला. मला वाटलं, कौतुक करतोय.

तासाभरानं समोरचे कल्हईवाले चाचा आपली भट्टी सोडून रस्ता ओलांडून आले. आमच्या अर्ध्या बाजाराची भांडी त्यांच्या हाताखालून जात. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर, किती जनांचं बुडवलं?"

मला काही उमजेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. "दिवाळं निघालं की दुकानदार दिवसा दिवा लावून बसायचा. जुनी रीत हाय. आता कोन लावत नाय, पन म्हाताऱ्यांना ठावं हाय. मास्तरनं दिवाळीच्या आधीच दिवाळं काढलं, असं चाललंय बाजारात."

आठ वर्षं मी मुलांना शब्द कुठून आले ते सांगत होतो. 'दिवाळं'चं अनेकवचन 'दिवाळी' होतं, हा माझा वर्गातला ठरलेला विनोद होता. त्या शब्दात दिवा आहे, हे मात्र मला भर बाजारात दिवा लावून बसल्यावर कळलं. मी घाईघाईनं तोंडानं फुंकर मारून पाचही वाती विझवल्या आणि बघणाऱ्यांनी तेही अशुभ म्हणून मनात नोंदवलं.

दुपारी ठोक व्यापारी आला. त्याचा माल मी उधारीवर घेतला होता आणि पैसे दिवाळीनंतर द्यायचं ठरलेलं होतं. आता त्याला सगळे लगेच हवे होते. मी त्याला कळकळीनं सांगितलं की पेटती समई कशी दिसते ते लोकांनी बघावं म्हणून दिवा लावला होता. त्यानं ते लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकलं आणि सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत तर कोर्टात जाईन म्हणाला. कोर्टानं एकदा नादार, म्हणजे दिवाळखोर ठरवलं की दुकान गेलं आणि पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. मी दुकानाला कुलूप घातलं, घरी येऊन पोट दुखतंय असं सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडलो. शुक्रवार गेला, शनिवार गेला. बायको मऊ भात देत होती.

रविवारी सकाळी चाचा घरी आले. अशा कामातला एक मुरलेला वकील आहे, चाळीस वर्षं त्यानं व्यापाऱ्यांचीच प्रकरणं केली आहेत, असं त्यांनी सांगितलं. अडचण एवढीच होती की त्या वकिलाच्या जिन्यावर दिसणं म्हणजेच पत जाणं. पण त्याच जिन्याला पहिल्या मजल्यावर एक दातांचा डॉक्टर होता आणि वकील दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळं नाशकातले अडचणीत आलेले व्यापारी गालावर रुमाल धरून तो जिना चढत. मीही धरला. मधल्या वळणावर एक ओळखीचा धान्यवाला गाल धरून उतरत होता. आम्ही एकमेकांकडं बघून कण्हलो आणि आपापल्या वाटेनं गेलो.

वकीलसाहेब चष्म्याच्या तुटक्या काडीला दोरा गुंडाळत बसले होते. इतक्या साध्या माणसाला चाळीस वर्षांचा अनुभव असेल, हे मला खरं वाटेना, म्हणून मी कागद काढून पहिला प्रश्न विचारला. आजवर आपल्या हातून किती दिवाळी निघाली?

"निघाली ती गावाला ठाऊक आहेत," ते म्हणाले. "निघू दिली नाहीत ती तुम्हाला सांगितली, तर उद्या तुमचंही दुसऱ्याला सांगेन."

मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. तेवढ्यात त्यांनी हात पुढं करून कागदच मागून घेतला, वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुकानातला माल किती, देणं किती, माल विकला तर देणं फिटतं का? फिटून वर उरतं, असं मी म्हटलं. "मग तुम्ही नादार नाही," ते म्हणाले. "तुम्ही नुसते—" पुढचा शब्द त्यांनी बराच वेळ शोधला आणि मग न सापडल्यासारखं केलं.

मी तर नादारीचा अर्ज करायच्या तयारीनंच गेलो होतो. दिवा लावून मी स्वतःच सगळं जाहीर केलं, आता कायदा ते धरणारच, असं माझं म्हणणं होतं.

"कायद्याला दिव्यातलं काही कळत नाही. दुकान उघडं आहे ना?"

तीन दिवस बंद आहे, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा खाली ठेवला.

"हे मात्र कायद्याला कळतं. घेणेकऱ्यांना चुकवायला माणूस दुकान टाकून घरात बसला, तर त्यांना कोर्टात जायला तेवढं पुरतं. दिव्यानं तुमचं हसं झालं होतं, मास्तर. दुकान कुलपानं जाईल."

मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, दिवा लावायच्या आधी कुणीच सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, कुणीच नाही. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले की वकिलाशी खोटं बोललं की फी दुप्पट पडते. तेव्हा मी बायकोचं सांगितलं.

"मग उद्या सकाळी दुकान उघडा," ते म्हणाले. "तीच समई तिथंच ठेवा आणि दिवा त्यांना लावू द्या. दिवाळं काढलेला माणूस बाजाराकडं पाठ करून बसतो. घरची बाई दिवा लावून बाजाराकडं तोंड करून बसली, तर त्याला दिवाळं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. येतील का त्या?"

त्या काळी आमच्यातल्या बायका बाजारात येत त्या घ्यायला, दुकानावर बसायला नव्हे. वकीलसाहेबांनी ठोक व्यापाऱ्याला एक चिठ्ठी लिहून माणसाबरोबर धाडली, दिवाळी होईपर्यंत थांबा आणि माल स्वतः येऊन पाहा अशी. फी वाजवी घेतली. निघताना म्हणाले, "रुमाल काढा आता. दात बरा झाला तुमचा."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं अवघड पाठांतर मी केलं नव्हतं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पोट दुखत नव्हतं, ते मला ठाऊक होतं." तासाभरापुरतंच यायचं आहे, असं मी चाचरत म्हटलं.

"समई घासलीत का?" तिनं विचारलं. "तेलकट ठेवून आला असाल. चिंच घ्या बरोबर."

सोमवारी सकाळी मी भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, चिंच लावून समई घासली. तिनं वाती लावल्या, हात जोडले आणि गादीवर जाऊन बाजाराकडं तोंड करून बसली. डोक्यावरचा पदर तिनं एकदा सारखा केला. खांद्यावर हात ठेवणारा तो वृद्ध व्यापारी थबकला, समईला नमस्कार करून पुढं गेला. चाचा भट्टीचा भाता मारायचे थांबले होते, ते पुन्हा मारू लागले.

ठोक व्यापारी कोर्टाच्या वाटेवरच आला, हातात वकिलांची चिठ्ठी घेऊन. त्यानं समईकडं बघितलं आणि मला विचारलं, दिवा कशासाठी? मी तोंड उघडलं, पण बोलली ती.

"दिवाळीला समया विकायच्यात. पेटती कशी दिसते, ते लोकांनी बघायला नको?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. गुरुवारी मी त्याला अक्षरशः हेच वाक्य सांगितलं होतं. त्यानं माल पाहिला, चिठ्ठी खिशात घातली आणि कोर्टाकडं न जाता आल्या वाटेनं परत गेला.

त्या दिवाळीत समया संपल्या, देणं फिटलं. तासाभरापुरती आलेली बायको दिवेलागणीपर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवशीही आली. मी घरात लपलो होतो आणि ती बाजारासमोर बसली, याची मला आजही लाज वाटते. 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त अजून दर दिवाळीला समई लावायची वेळ आली की मी काडेपेटी काढतो आणि ती हात पुढं करते. "तुम्ही नको," म्हणते. "तुम्ही लावलात की दिवाळं निघतं." मी काडेपेटी तिच्या हातात देतो आणि बाजूला उभा राहतो.