साहेबांची सुकलंट

मी तेव्हा वाशीमपासून सर्व्हिस मोटारीनं तासाभरावर असलेल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरी कोणती ते सांगत नाही, कारण माझ्यानंतर तिथं माझ्यापेक्षा बरी माणसं बसली असतील. माझ्याकडे फेरफाराचे कागद होते. कोणी वारलं, कोणाची वाटणी झाली, की शेत एका नावावरून दुसऱ्या नावावर चढवायचं, ते काम. कागद माझ्या टेबलावर येत आणि तिथं त्यांचा जीव रमत असे.

आमचे साहेब नागपूरकडचे, हौशी. मोठ्या साहेबांच्या बाईंना परदेशी निवडुंगांचा नाद आहे, ही बातमी त्यांना कुठूनशी लागली. पाठोपाठ मोठे साहेब दिवाळीनंतर आमच्याकडे सहकुटुंब दौऱ्यावर येणार, हेही कळलं. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्यामुळे साहेबांनी हिमालयाच्या पायथ्याच्या कुठल्याशा रोपवाटिकेला पत्र लिहिलं आणि दोन डझन झाडं मागवली.

आमच्या मुलखात धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, निवडुंग तोडता तोडता लोकांच्या हाताची सालटं निघत. कोणी रेल्वेनं निवडुंग मागवतो हे ऐकून बाजारात लोक आधी हसले. मग एकदम गप्प झाले. निवडुंगावर सरकार सारा बसवणार की काय, अशी शंका त्यांना आली असावी.

ऐन श्रावणात वाशीम स्टेशनावर पेटी उतरली. तीन आठवडे ती गाडीतून गाडीत फिरत होती. साहेबांनी ती कचेरीच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर उघडवली. आत ओल्या शेवाळात आणि गोणपाटात गुंडाळलेली झाडं होती. काही गुलाबाच्या फुलासारखी, पण जाड पानांची. काही काकडीसारखी उभी. काही नुसते हिरवे गोटे.

"यांना सक्युलंट म्हणतात," साहेब म्हणाले.

आमच्या म्हाताऱ्या चपराश्यानं पेटीत डोकावून मान हलवली. "हो सायेब, सुकलंटच हायेत."

खरं तर ती सुकलेली नव्हती, आणि हीच पुढची सगळी अडचण होती.

देखरेखीसाठी साहेबांनी मला निवडलं. इंटर सायन्सला मी वनस्पतिशास्त्रात नापास झालो होतो. पण नापास होण्याइतकं वनस्पतिशास्त्र अख्ख्या कचेरीत माझ्याशिवाय कोणाला येत नव्हतं. काळ्या मातीनं भरलेल्या चोवीस कुंड्या व्हरांड्यासमोर मांडल्या गेल्या आणि बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, साहेबांच्या सहीचा लेखी हुकूम काढला: झाडांस दिवसातून दोन वेळा पाणी देण्यात यावे. चपराशी सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन फिरू लागला. पाऊस पडत असला की तो एका हातात छत्री आणि एका हातात झारी धरी. हुकमात पावसाची सवलत नव्हती.

आठव्या दिवशी एका झाडाची खालची पानं पिवळी पडून बोटाला चिकटली. साहेब म्हणाले, "पाणी कमी पडतंय." तीन वेळा पाणी सुरू झालं. दहाव्या दिवशी एक हिरवा गोटा मी हात लावताच आडवा झाला. खाली मूळ नव्हतंच. काळा चिखल होता आणि त्याला कुजलेल्या कांद्यासारखा वास येत होता. तोवर पाच झाडं गेली होती. साहेबांचा चेहरा रोज सकाळी कुंड्या मोजताना उतरे आणि तो उतरलेला चेहरा दिवसभर आम्हाला पाहावा लागे.

त्या सुमारास एक विधवा बाई दर आठवड्याला कचेरीत येत असे. शेलूबाजारच्या बाजूच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, उंच, हिरव्या काठाचं लुगडं नेसणारी. नवरा वारल्यावर शेत तिच्या नावावर चढवायचं होतं. तिचा कागद माझ्याकडे होता. त्यावर पटवाऱ्याचा शेरा यायचा होता, आणि शेरा मागवणारं पत्र मी लिहायचं होतं. आठ महिने मी ते लिहिलं नव्हतं. त्यामागे काही लबाडी नव्हती. नुसतं लिहिलं नव्हतं. ती आली की मी "पुढच्या आठवड्यात या" म्हणे आणि ती व्हरांड्याच्या पायरीवर भाकर खाऊन परत जाई.

त्या दिवशीही मी तेच म्हणालो. पण ती पायरीवर बसली नाही. कुंड्यांपाशी वाकून तिनं वास घेतला आणि तिथूनच मला हाक मारली.

"बाबू, हे सडून राह्यले ना."

"माहीत आहे."

"मंग पानी काहून पाजून राह्यले?"

"हुकूम आहे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस चिखलात रुतलेल्या बैलाकडे पाहतो. मग न विचारता एक झाड उपटलं, मुळाची माती झटकली आणि बोटानं खालचा भाग दाबला. "हे पाहा. खाली नरम, वर टनक. वरचा जीव अजून हाय. आमी अद्रकाचं बेनं असंच वाचवतो. सडलं तेवढं कापाचं, वाळवाचं, मंग लावाचं. पान्याचं नाव नाई घ्याचं."

मी तिला साहेबांपुढे उभं केलं. धाडस माझं नव्हतं, साहेबांचा तो चेहरा आणखी एक दिवस सोसवत नव्हता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बडेबाबूंना विचारलं. बडेबाबू म्हणाले, पाणी देण्याचा हुकूम आहे, न देण्याचा नाही. न देण्याचा काढायचा तर कारण नमूद करावं लागेल, आणि पहिला हुकूम चुकला होता असं ते कारण वाचलं जाईल. साहेबांनी खिडकीबाहेरच्या झारीकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "झारी दुरुस्तीला पाठवा."

झारी धडधाकट होती, पण ती दुरुस्तीला गेली.

मग बाईनं व्हरांड्यातच बैठक मारली. चपराश्याकडून तिनं चाकू, कंदील आणि चुलीतली कोरडी राख मागून घेतली. प्रत्येक झाड उपटून ती काळा भाग कापत जाई. आत अजून तपकिरी ठिपका दिसला की आणखी एक चकती, पांढरंशुभ्र दिसेपर्यंत. दर वेळी चाकूचं पातं कंदिलाच्या ज्योतीवर धरून पुसत होती. "नाई त याची सड त्याले लागते," ती म्हणाली. सहा इंचांची काकडी दोन इंचांवर आली तेव्हा साहेब आत निघून गेले. कापलेल्या जागी राख दाबून तिनं सगळी झाडं एका बाजेवर, सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी उघडी मांडली. पुरती सडलेली आणखी तीन फेकली. उरली सोळा.

"आता?" मी विचारलं.

"आता काई नाई. धा-बारा रोज अशीच राहू द्या. कापलेलं तोंड बंद झालं पाह्यजे." ती उठली, पदर झटकला. "पन मले रोज येऊन पाहा लागंन. एखादं आतून सडत असंन त लगेच कापा लागते."

"या की रोज," आतून साहेब म्हणाले.

"येतो ना सायेब. पन इतक्या दूरून रोज नुसती झाडं पाहाले आली त गावातले म्हनतीन, बाई येडी झाली. कचेरीत काई काम असलं त बरं." आणि तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

साहेब बाहेर आले. "यांचं काय काम आहे इथं?"

मी सांगितलं. सांगताना आठ महिने हा आकडा मी तोंडातल्या तोंडात बोललो, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचा कागद गठ्ठ्यातून वर आला होता. तिसऱ्या दिवशी पटवाऱ्याला पत्र गेलं. तेही टपालानं नाही, चपराश्याच्या हाती. चौथ्या दिवशी तिनं एका झाडाला पुन्हा चाकू लावला आणि म्हणाली, याचं काई खरं नाई. साहेबांनी घाबरून पटवाऱ्यालाच बोलावून घेतलं. मला पुढं पुढं अशी शंका यायला लागली, की जेव्हा जेव्हा कागद कुठल्या टेबलावर अडतो तेव्हा तेव्हाच एखाद्या झाडाची तब्येत बिघडते. मी तिला तसं विचारलंही.

"बाबू," ती म्हणाली, "झाडालेबी समजते, कोन काम करून राह्यलं अन् कोन नाई."

अकराव्या दिवशी तिच्या नावावर शेत चढलं. त्याच दिवशी तिनं झाडं उलटी करून दाखवली. कापलेल्या जागी कोरडी, टणक खपली धरली होती आणि दोन-तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी गुलाबी मुळं फुटली होती. साहेबांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघालं. काळी माती फेकायला लावून तिनं मुरूम, विटांचा चुरा आणि नदीची रेती कुंड्यांत भरली. "आठ रोज पानी नाई. मंग माती कोरडी खडंग झाली की थोडंसं." फेरफाराची नक्कल पदराच्या गाठीला बांधून ती निघाली. मी म्हणालो, "पुन्हा कधी?" ती म्हणाली, "कायले?"

सोळापैकी तेरा जगली.

पण बातमी खेड्यापाड्यांत गेली होती, आणि तिचा अर्थ लोकांनी आपल्या परीनं लावला होता. पुढच्या बाजारच्या दिवशी एक शेतकरी टोपलीभर लेंडीखत घेऊन आला. "सायबाच्या झाडाईले," म्हणाला, आणि हळूच वाटणीचा अर्ज पुढे केला. दुसऱ्यानं कडुनिंबाचा पाला आणला. एक म्हातारा तर दोन तास कुंड्यांसमोर उकिडवा बसून दर झाडाचं काहीतरी बिघडलंय असं सांगत होता. त्याचा फेरफार पाच वर्षं पडून होता. बडेबाबूंनी शेवटी पाटी लावली: झाडांबाबत सूचना स्वीकारल्या जाणार नाहीत.

दिवाळीनंतर मोठे साहेब आले. त्यांच्या बाईंना ताप आल्यामुळे त्या आल्या नाहीत. मोठ्या साहेबांनी जाता जाता कुंड्यांकडे छडी दाखवून विचारलं, "याला फार पाणी लागत असेल?"

"दिवसातून दोन वेळा, सर," आमचे साहेब म्हणाले. "जातीनं लक्ष घालतो."

मी मागे उभा होतो. मीही मान डोलावली.

त्यानंतर मी सुधारलो असं लिहायला मला आवडलं असतं. महिनाभर सुधारलो होतो. मग टेबलावर पुन्हा कागद साचू लागले.

त्याच हिवाळ्यात एका चौकशीसाठी मला शेलूबाजारकडे जावं लागलं. वाटेत तिचं शेत लागलं. ज्वारी कमरेच्या वर होती. तिनं लांबूनच मला ओळखलं आणि बांधावर बसायला घोंगडी टाकली. मला वाटलं, झाडांचं विचारेल. म्हणून मीच सांगितलं, तेरा जगली, साहेबांचं कौतुक झालं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग ताक दिलं. मी ते पिईपर्यंत बांधावर आणखी तीन बाया येऊन बसल्या होत्या. एक अगदी तरुण, कडेवर मूल, दोघी उतारवयाच्या. तिघीही कपाळ मोकळं असलेल्या.

"हिचा सासरा मेला, दीर नाव चढू देत नाई. हिचा अर्ज दोन साल झाले. अन् हिनं त अजून अर्जच केला नाई, कोनाले विचारावं तेच माहीत नाई." तिनं माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "कागद असंनच तुमच्यापाशी."

"बाई, हे काम कचेरीत येऊन—"

"कचेरीत किती वेळा आली मी, तुमाले माहीत हाय."

मी पिशवीतून कागद काढला. दौत नव्हती, शिसपेन्सिल होती. ती म्हणाली, चालते. त्या तरुण बाईनं आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायला जरा वेळ लावला. घेतलं तेव्हा तिचा आवाज फार लहान आला. मी ते लिहिलं, आणि पुढचं नाव विचारलं.