करवतीचा पडलेला दात

होळी झाली की आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या कारधा गावच्या बाया जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन येऊ लागतात, कारण माझी आई गोधड्या शिवते. सकाळच्या थंडाव्यात ती ओसरीवर कापडांचे थर पसरते, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते आणि कडेकडेनं टाके घालत आत सरकते. समोरची बाजू धरायला मी असते. कापायचं कामही माझंच होतं. होतं, असंच म्हणायला हवं. ते का गेलं, तेच सांगायला बसले आहे, आणि बसल्यापासून तीनदा उठून पाणी प्यायले आहे.

आईचा एक नियम आहे. ज्या घरचं कापड, त्या घरच्याच गोधडीत. बोटभर कातरण उरलं तरी ती ते आतल्या थरात दडवते, पण घरात ठेवत नाही. लहानपणी मी बाहुलीसाठी एक लाल चिंधी मागितली होती, तेव्हा तिनं माझ्या हातातून काढून घेतली. ''कपडा लोकाइचा, टाका आपला,'' एवढंच म्हणाली. म्हणून बाया तिच्याकडे लग्नातली लुगडीसुद्धा न मोजता देतात.

मागच्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पूल ओलांडला की भंडारा, आणि भंडाऱ्यात कॉलेज. आमच्या घरातून तिथवर जाणारी मी पहिलीच. त्या वसंतात कॉलेजात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि सरांनी प्रत्येकाला घरून काहीतरी आणायला सांगितलं होतं. कुणी पितळेची पायली आणली, कुणी आजोबांचा अडकित्ता, कुणी शाळेच्या जुन्या दाखल्यांची चौकट. मी घरभर शोधलं. पेटी उपसली, माळ्यावर चढले. आमच्याकडे जुनं काही नव्हतंच. जुनं व्हायच्या आत आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचं दुसरं काहीतरी होऊन जातं.

''आपल्या घरात जुना मीच आहो,'' बाबा म्हणाले. ''मले घेऊन जा. काचेत बसतो निवांत.''

मला हसू आलं नाही. आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगातून मी एक धोटा शोधून काढला, मागावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. एका टोकाला चिरलेला होता. पण तो माझ्या घरचा नव्हता, आणि सर विचारतील तेव्हा काय सांगायचं, हेच मनात घोळत राहिलं.

त्याच आठवड्यात शेजारची मावशी गाठोडं घेऊन आली. मावशी म्हणजे नात्यातली नाही. सत्तरी ओलांडलेली, मोतीबिंदूनं नजर अधू झालेली, पवनीच्या विणकरांची लेक. तिची नात बाळंतपणाला आली होती आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सासरी जाणार होती. बाळासोबत गोधडी द्यायची होती. गाठोड्यात सगळ्यात खाली एक कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं लुगडं होतं, जागोजागी विरलेलं, पण काठ अजून जिवंत. करवतकाठी. करवतीच्या दातांसारखी टोकं एकामागे एक. एका ठिकाणी मात्र एक दात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी थर पसरून झाले आणि आई चहा ठेवायला आत गेली. कात्री माझ्या हातात होती. मी काठाचा हातभर तुकडा कापला, नेमका तो पडक्या दाताचा, कारण तोच वेगळा दिसत होता. कापलेल्या जागी माझ्या जुन्या ओढणीची पट्टी सरकवली आणि वर थर ओढून घेतला. आई चहा घेऊन आली तेव्हा मी टाका घालत होते. बोटात सुई गेली, तरी हूं केलं नाही.

प्रदर्शनात माझा तुकडा सगळ्यांनी पाहिला. धोटा त्याच्या शेजारी ठेवला होता. कार्ड मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात: ''करवतकाठी, कोसा. विणीतील दोष: एक दात सुटलेला.'' सर म्हणाले, छान निरीक्षण. प्रदर्शन संपल्यावर तो तुकडा विभागातल्या काचेच्या कपाटात कायमचा ठेवू, असंही म्हणाले. मी ''हो सर'' म्हटलं. सरांना मी नेहमी तेवढंच म्हणत असे.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. गोधडी ओसरीवर रोज थोडी पुढे सरकत होती आणि मी कॉलेजातून आल्यावर सगळ्यात आधी ओढणीची पट्टी कुठून डोकावत नाही ना, ते पाहायची.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही आसगावला मामाच्या शेतावर रोडगे करायला निघालो. दरवर्षी जातो. बाबांनी मित्राची मालवाहू गाडी आणली आणि मागे आम्ही गोणपाटावर बसलो. वाटेत पवनी लागतं म्हणून मावशीही आली. माहेरची गल्ली आली तशी तिनं बाबांना गाडी हळू करायला लावली, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाली, ''चाला. कोनाचा माग वाजून नाई राहिला.''

शेतात मोहाची फुलं पडत होती. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली. पहिलाच घास घेतला असेल, तेवढ्यात मावशी आईला म्हणाली,

''काय वो, माया बापाचा काठ कोन्या बाजूनं लावला?''

''डोक्याकडं लावला, मावशी.''

''त्याच्यातला पडका दात मले सापडला नाई. परवा तू ओसरीवर नव्हती, तवा मी सारा काठ बोटानं पाह्यला. सारे दात साबूत.''

मग तिनं सांगितलं. ते तिच्या लग्नाचं लुगडं. बाप मागावर बसला होता आणि तिनं त्याला जेवायला हाक मारली. ''आलो,'' म्हणता म्हणता त्याचा एक दात चुकला. तिची आई म्हणाली, उसवा. बाप म्हणाला, राहू दे. पोरगी गर्दीत हरपली त या दातावरून ओळखन.

मामी हसली. आई हसली नाही. ती ठामपणे म्हणाली, ''दुमडला असंन आतमंदी. तुमच्या घरचं कातरण माया घरात राहत नाई, मावशी. तुमाले मालूम हाये.''

''मालूम हाये म्हनून तं तुयाकडं देल्लं.''

मी ताटातला रोडगा नुसताच कुस्करत बसले. मामा म्हणाला, ''काहून वं, कॉलेजवालीले रोडगे गोड नाई लागत का आता?''

जेवणं झाल्यावर आई मोटारपंपाजवळ राखेनं भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, घासत होती. मी शेजारी उभी राहिले. बसले. पुन्हा उठले.

''आई, तो काठ कॉलेजात हाये.''

''कोन्या कॉलेजात?'' जणू मी दहा कॉलेजांत जात होते.

''मीच कापला.''

तिचा हात थांबला नाही. गंज केव्हाच लख्ख झाला होता, तरी ती घासत राहिली.

''मावशीले सांगतलं?''

''नाई.''

''मंग मले कायले सांगून राहिली?''

परत येताना ती गाडीत पुढे, बाबांच्या शेजारी बसली. मावशी माझ्या खांद्याला टेकून झोपली होती. कारधा येईपर्यंत मी खांदा हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पुलावरून सायकल नेताना मी सरांशी बोलायची वाक्यं तयार करत होते. विभागात शिरल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

''सर, ते आमचं नाही.''

''तुमच्या घरी होतं ना?''

''घरी होतं. पण आमचं नव्हतं.''

सरांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि कपाट उघडलं. ''निदान फोटो काढून ठेवू का?''

''मावशीला विचारून सांगते,'' मी म्हटलं. ''हो सर''शिवाय मी त्यांना काही उत्तर दिलं, ते पहिल्यांदाच. कार्डही मी मागून घेतलं. धोटा मात्र तिथंच राहू दिला.

मावशी अंगणात खाटेवर बसली होती. मी तुकडा तिच्या हातात दिला. तिचा अंगठा काठावरून फिरत गेला, दात, दात, दात, आणि थांबला.

''हाच हा. कुठी गेला होता?''

मी सगळं सांगितलं. ओढणीची पट्टीसुद्धा. ती एकदम खोकल्यासारखी हसली. ''माया बाप साळेची पायरी नाई चढला, न त्याची चूक कॉलेजात जाऊन आली! काय लिवलं होतं तिथी?''

मी कार्ड वाचून दाखवलं. वाचताना 'दोष' या शब्दाशी अडखळले.

''दोष कोनाचा?'' ती म्हणाली. ''हाक तं म्या मारली होती.'' मग तुकडा माझ्याकडे सारला. ''बस न शिव आता. पोरगी परवा जाते.'' फोटोचं विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही.

आईनं गोधडीची डोक्याकडची बाजू आधीच उसवून ठेवली होती. माझ्या ओढणीची पट्टी तिनं बाहेर काढली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. ''ज्याचं त्याले,'' म्हणाली. मग सुई दिली. तो तुकडा मी एकटीनं शिवला. टाके वाकडेच आले, आईच्या रांगेत ते लांबूनही कळत. मला वाटलं ती उसवायला लावेल. तिनं बोट फिरवलं आणि उठून गेली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नात निघाली. गाडीत बसल्यावर मावशीनं बाळाच्या डोक्याजवळचा काठ चाचपला, एका जागी अंगठा ठेवला, आणि दार लावायला सांगितलं.

या वर्षीही होळी झाली. गाठोडी आली आहेत. सकाळी आईनं मला समोर बसवलं, कोपऱ्यावर दगड ठेवायला लावला, दोरा ओवून सुई हातात दिली. कापायची वेळ आली तेव्हा माझा हात सवयीनं पुढे गेला. तिनं कमरेला खोचलेली कात्री काढली, कापड स्वतःच कापलं, आणि कात्री पुन्हा कमरेला खोचली.

मी टाका घालते आहे. टाके पूर्वीपेक्षा सरळ येतात. पण दर थोड्या वेळानं माझं लक्ष तिच्या कमरेकडे जातं.